गावच्या बंद स्केटिंग रिंकचे कागद शोधताना

आमच्या दहावीच्या बॅचने शाळेसाठी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यातलं अर्धं पान माझ्या वाट्याला आलं. विषय, गावातली स्केटिंग रिंक. आठ दिवसांत देतो म्हणालो. पान छापून झालं ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आणि तोवर माझ्याकडे एक जाडजूड फाईल जमली होती. मधल्या काळात कुठं काय मागितलं, काय खर्च आला, कुठं नुसतंच बसून राहावं लागलं, ते इथं लिहून ठेवतोय. आपल्या गावचं बंद पडलेलं टॉकीज, वाचनालय नाहीतर तलावाकाठचा बगीचा यांचा माग काढावा असं पुष्कळांच्या मनात असतं, फक्त पहिलं दार कोणतं ठोठवायचं ते कळत नाही.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या कचेऱ्या येतात तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. कापसाचा बाजार, जिनिंग, आठवडी बाजार, कोर्ट, तहसील. अशा गावात एके काळी सिमेंटची गुळगुळीत, भोवती कठडा असलेली, संध्याकाळी ट्यूबलाइट लागणारी रिंक होती हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, स्टॅम्प, जोडपत्रं हे रोजचंच. तरी स्वतःसाठी अर्ज करताना हात जरा अडखळला. आपल्याच गावच्या कचेरीत आपण कागद मागायला लागलो की लोक आधी विचारतात, "कोणाविरुद्ध आहे?"

सुरुवात बोलण्यातून केली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पन्नाशीपुढच्या माणसाला विचारायचं. रिंक कोणी बांधली? आमदारांनी. नाही, जिनवाल्या शेटजींनी देणगी दिली. नाही नाही, एक साहेब आले होते. बंद का पडली? एका पोराचा हात मोडला आणि त्याच्या बापाने केस केली. पोरं-पोरी एकत्र खेळायला लागली. नगराध्यक्ष बदलले. स्केट्स चोरीला गेले. सगळे खात्रीने सांगत होते आणि कुणाचंच दुसऱ्याशी जुळत नव्हतं. यातून एक युक्ती हाती लागली, ती सांगतो. माणसाला साल विचारू नये. "इंदिराबाई गेल्या त्याच्या आधी की नंतर?", "कपिलच्या टीमने वर्ल्ड कप आणला तेव्हा चालू होती का?", "तुमच्या घरी टीव्ही आला होता का तेव्हा?" असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. अशा खुणांवरून १९८३ च्या आसपास रिंक सुरू झाली असावी, इथवर मी पोचलो. कुठल्या सालांतले कागद मागायचे, तेवढं ठरलं.

फेब्रुवारीत नगर परिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा अशी अट आहे. त्यामुळे 'रिंकचा संपूर्ण इतिहास मिळावा' असली विनंती करून उपयोग नसतो. इतिहास लिहून देणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं काम नाही, त्याच्या ताब्यात असलेला कागद देणं हे आहे. म्हणून एकेका कागदाचं नाव घेतलं: १९७८ ते १९८५ मधले रिंकविषयीचे ठराव, कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापं जिच्यात लिहितात ती), स्केट्स खरेदीची नोंद, तिकीट वसुलीची पावती पुस्तकं. अर्ज हातोहात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. ती पोच म्हणजे पुढच्या सगळ्या तारखांचा पाया असतो, ती दुकानाच्या बिलांत हरवू देऊ नका.

तीस दिवसांची मुदत संपता संपता एका ओळीचं उत्तर आलं. शोध घेतला असता अभिलेख आढळून आला नाही. मला राग आला नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच वाक्य मिळालेलं असतं. पुष्कळ जण इथंच सोडून देतात. पण 'आढळला नाही' आणि 'नष्ट केला' यांत फरक आहे. नष्ट केला असेल तर तशी नोंद लागते, आणि ती नोंदही मागता येते. मी तीस दिवसांच्या आत पहिलं अपील टाकलं. जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. अपिलात तक्रारीचा सूर ठेवला नाही. 'अभिलेख सापडत नसल्यास कक्षात बसून अवलोकनाची परवानगी द्यावी' एवढीच मागणी केली. कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे आणि तीत अभिलेखांची पाहणी, टिपणं घेणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. याचा फायदा लोक घेत नाहीत.

सुनावणी मे महिन्यात लागली. बाहेर आमच्याकडचं ऊन, आत कूलरचा ढणढणाट, त्यामुळे सगळेच ओरडून बोलत होते. त्या काळात राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांसारखाच आमच्याकडेही निवडून आलेल्या सदस्यांऐवजी प्रशासकाचा कारभार होता. समोरचे साहेब नाशिककडून बदलून आलेले.

"स्केटिंग रिंक? आपल्याकडं?"

शेजारी बसलेला लिपिक म्हणाला, "होय सर. कोंडवाड्याच्या मागं. ब्लीचिंग पावडर ठेवतो ना आपण, तेच."

साहेब हसले. अवलोकन करू द्यावं असा आदेश निघाला, तोही चार दिवसांत हातात पडला. कधीकधी असंही होतं.

अभिलेख कक्षात जायला जून उजाडला. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण हे आतलं चित्र आधी माहीत असतं तर माझी धाकधूक कमी झाली असती. कक्ष म्हणजे जुन्या इमारतीच्या मागची टिनाची खोली. लोखंडी रॅक, त्यांवर कापडात बांधलेले बस्ते. कापडाचे रंग उगीच नसतात. लाल बस्त्यात 'अ' वर्गाचे कागद, म्हणजे कायम जपायचे. हिरव्यात 'ब', तीस वर्षांचे. पिवळ्यात 'क', पाच-दहा वर्षांचे. पांढऱ्यात 'ड', वर्षभरात निघणारे. रंग सगळे आता मातकटच झालेत, पण गाठीच्या आत कापड उलटून पाहिलं की मूळचा रंग दिसतो. तिथं अनुकंपेवर लागलेली एक तरुण मुलगी होती. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, तुम्ही लाल बस्त्यापासून सुरू करा. सभेचे ठराव लालमंधीच राहतात. बाकीचं कुठं गेलं ते मलेही माहीत नाही." अवलोकनाचा पहिला तास नि:शुल्क असतो, पुढे पंधरा मिनिटांच्या हिशेबाने फी आहे. माझ्याकडून कुणी मागितली नाही. मी विचारल्यावर ती म्हणाली, "पावती पुस्तक कपाटात हाय आन् चावी साहेबांकडं."

सोबत काय न्यावं? टॉर्च, मास्क, पाण्याची बाटली, ओलसर फडकं आणि वही. पेन्सिल न्या. जुन्या कागदावर पेन टेकलं तर डाग जात नाही. आणि प्रत्येक उपयोगी पानाचा बस्ता क्रमांक, नोंदवहीचं साल आणि पृष्ठ लगेच टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तोच बस्ता त्याच जागी सापडेल याची हमी नाही.

ठराव सापडला तो १९८१ चा. एका माणसाच्या सहीचा, कारण तेव्हाही आमच्या नगर परिषदेवर प्रशासक होते. म्हणजे रिंकला मंजुरी प्रशासकाने दिली आणि तिची फाईल पुन्हा उघडली तीही प्रशासकाच्याच काळात. ठरावात आमदार नाहीत, शेटजी नाहीत. बालोद्यानालगतच्या जागेत मुलांसाठी स्केटिंगची सोय करावी, खर्च नगर परिषद फंडातून, एवढाच मजकूर. असल्या गावात ही कल्पना सुचली कुणाला, हे मात्र कागदात नाही. जुन्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं, ते साहेब नवीन आयएएस, मसुरीच्या अकादमीतून नुकतेच आलेले. हे खरं असेल तर धागा जुळतो. चार चाकांचे, वळता येतील असे स्केट्स न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टनने १८६३ मध्ये केले, त्यानंतर रिंकचं खूळ सगळीकडे पसरलं आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या थंड हवेच्या ठिकाणी आलं. मसुरीच्या कुलडी भागात इंग्रजांच्या काळातली मोठी रिंक होती. तिथं संध्याकाळ घालवलेल्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याला पहिल्याच नेमणुकीत कापसाच्या गावी तेच करून पाहावंसं वाटलं असेल. पुरावा नाही, म्हणून स्मरणिकेत मी हे 'असं सांगतात' म्हणूनच छापलं.

प्रमाणित प्रतींचा दर पानाला दोन रुपये. ठराव, अंदाजपत्रक आणि उद्घाटनाचा खर्च मंजूर केलेलं १९८३ चं एक पान, एवढं लाल बस्त्यांतून निघालं. मोजमाप पुस्तिका मात्र पिवळ्या बस्त्यात तळाशी होती, कोंडवाड्याच्या दुरुस्तीच्या कागदांत अडकलेली. नियमाप्रमाणे ती केव्हाच नष्ट व्हायला हवी होती. कुणीतरी कंटाळा केला म्हणून वाचली.

त्याच दिवसांत भूमी अभिलेख कचेरीच्या चकरा चालू होत्या. इकडे विदर्भात गावठाणातली बरीच जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, आणि मिळकतीच्या उताऱ्याला आखीव पत्रिका म्हणतात. ती मिळवायला शीट नंबर आणि प्लॉट नंबर लागतो. सरकारी जागेचा नंबर सरकारी कचेरीतच पटकन मिळत नाही. सोपा उपाय म्हणजे शेजारच्या घरमालकाची आखीव पत्रिका पाहायची, त्याच शीटवर आपली जागा असते. माझ्या बाबतीत शेजारी पानठेलेवाले निघाले. त्यांनी पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा देवघरात ठेवला होता. नक्कल मिळायला सर्व्हर बंद, साहेब मोजणीवर, शिक्का दुसऱ्या टेबलावर असं करत पावसाळा निम्मा सरला. पैसे किरकोळ लागले. जागा शासनाची, नगर परिषदेकडे बगीचा आणि करमणुकीसाठी, असं त्यात निघालं. ही एक ओळ पुढे फार कामाची ठरली.

मोजमाप पुस्तिकेची पानं घेऊन मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या कनिष्ठ अभियंत्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि सरळ एका रकान्यावर बोट ठेवलं. मुरूम भराव. अंदाजपत्रकात खोली ०.९० मीटर. मोजमाप पुस्तिकेत ०.३०.

"इथंच मेली तुमची रिंक," ते म्हणाले.

ज्यांचं शेत काळ्या जमिनीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यावर पक्की फरशी करायची तर काळी माती उकरून काढावी लागते, तिच्या जागी मुरूम थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबावा लागतो. वरचं सिमेंट एकसंध न ओतता पट्ट्यांमध्ये ओततात, मध्ये काचेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या देतात. अंदाजपत्रकात हे सगळं होतं. प्रत्यक्षात मुरूम एक तृतीयांश पडला. अशा जमिनीवर खोली बांधली असती तर भिंतीला तडे गेले असते आणि लोक पुट्टी भरून राहिले असते. रिंकचं तसं नाही. स्केटचं चाक जेमतेम दोन इंचांचं. एक पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा बोटाच्या पेराएवढी वर आली की चाक जागेवर थांबतं आणि मूल पुढे जातं. मुरूम कुठं गेला, कुणी मोजला, कुणी सही केली हे मी शोधायला गेलो नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, सह्या वाचता येत नाहीत, आणि माझ्या अर्ध्या पानाला त्याची गरज नव्हती.

पण हे मला आधी एका माणसाने सांगितलं होतंच, मी कागदाची वाट पाहत बसलो होतो. रिंकवर रोजंदारीवर असलेले काकाजी आता ऐंशीच्या पुढे आहेत, नाल्यापलीकडे राहतात. त्यांच्या गळ्यात तेव्हा दोरीला बांधलेली स्केट्सची चावी असायची. लोखंडी स्केट, पावलाच्या मापाने लांब-आखूड होणारे, बुटावर चावीने आवळायचे आणि वर चामडी पट्टा. रविवारी सकाळी ते कठड्यावर बसून शिलाई मशीनचं तेल घालायचे. छर्रे झिजले की सायकलच्या दुकानातून आणायचे, आणि त्याची पावती मिळत नसे म्हणून पैसे खिशातून जायचे.

"फरशी थे पह्यले दोन साल लय मस्त होती बाप्पा," ते म्हणाले. "मंग पानी पडलं का मधातली पट्टी वर ये. उन्हाळ्यात खाली बसे. चाक अटकलं का लेकरू तोंडावर. मी सायबाले सांगो, सायब म्हने पुढच्या बजेटात पाहू."

"हात कोणाचा मोडला होता?"

"कोनाकोनाचा सांगू? पन केस-बीस कोनी नाई केली. हाड बसवनारा बाजूच्या गल्लीतच होता."

वयस्कर माणसाकडे जाताना फोनवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि नातवाला शेजारी बसवा. नातू असला की ते नातवाला सांगतात, आपल्याला सांगत नाहीत, आणि त्यामुळे खरं बोलतात. तिकीट किती होतं हेही काकाजींनीच सांगितलं. अर्धा तास पन्नास पैसे, स्केट्स घेतले तर रुपया.

आमच्याच शाळेतली एक ताई, माझ्यापेक्षा दोन वर्गांनी पुढे, तेव्हा रिंकवर सगळ्यांत वेगाने फिरायची. ती आता शेजारच्या जिल्ह्यात शिक्षिका आहे. फोनवर तासभर बोलली. मंगळवार आणि शुक्रवार मुलींची वेळ. ओढणी कमरेला गच्च बांधायची. आया कठड्यावर बसून तूर निवडायच्या आणि मधूनमधून "हळू गं" ओरडायच्या. एका २६ जानेवारीला मुलींनी तहसीलसमोरच्या डांबरी रस्त्यावर स्केटिंग करत झेंडे नेले होते, कारण मैदानाच्या मातीत चाकं चालत नव्हती. त्या सकाळी रस्ता झाडायला काकाजी पहाटे चारला आले होते, हे तिला अजून आठवतं. रिंक कधी बंद झाली असं विचारल्यावर ती म्हणाली, "माझ्यासाठी १९८७ ला. नववीत गेले ना मी." मी पुढे काही विचारलं नाही. एवढ्या सगळ्या कागदांत मुलींच्या वेळेचा उल्लेख कुठंही नाही, हे मात्र तेव्हा लक्षात आलं.

मधे नागपूरला जाऊन एका ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. एकाधिकार कापूस खरेदी, शेतकरी संघटनेची आंदोलनं, पाण्याची टंचाई. रिंक नाही. बसभाडं आणि दिवस गेला. गॅझेटियरचाही उपयोग नव्हता. आमच्या जिल्ह्याचं गॅझेटियर १९७४ चं, रिंक त्यानंतरची.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तीन हजार मीटर स्पीड स्केटिंग रिलेत कांस्य मिळवलं. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे, सिद्धांत कांबळे ही आपल्याकडची नावं. बॅचच्या ग्रुपवर एकदम जोर आला. ज्यांनी तोवर माझा एकही मेसेज वाचला नव्हता त्यांनी पेट्या उघडून फोटो पाठवले. दोन फोटो खरंच रिंकचे होते. एकात कठडा, मागे पाण्याची टाकी, आणि उजव्या कोपऱ्यात फरशीतली उचललेली पट्टी साफ दिसते. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि साल १९८६. जुन्या फोटोंसाठी निमित्त लागतं. पुढच्या कुणाला असं काम करायचं असेल तर क्रिकेट, निवडणूक, यात्रा, जे चालू असेल त्याच्या लाटेवर मागणी टाका.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न राहिला होता. बंद कधी झाली आणि कुणी केली? दुसरा अर्ज टाकला, यावेळी १९८६ ते २००० मधले रिंक बंद करण्याविषयीचे ठराव मागितले. उत्तर आलं, असा ठराव आढळून येत नाही. पहिल्या अनुभवावरून वाटलं की हेही तसंच. पुन्हा कक्षात जाऊन त्या वर्षांची इतिवृत्तं पानापानाने वाचली. लिपिक मुलगी आता मला चहा विचारायला लागली होती. अर्जाला आलेलं उत्तर बरोबर होतं. दुरुस्तीचा विषय दोनदा सभेपुढे आला, दोन्ही वेळा पुढच्या सभेवर ढकलला आणि पुढच्या सभेत आलाच नाही. बंद करण्याचा ठराव झालाच नव्हता.

सुटका झाली ती लेखापरीक्षण अहवालांमुळे. नगर परिषदेचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो, आणि त्याच्या अहवालांतले आक्षेप अनुपालन होईपर्यंत वर्षानुवर्षं तसेच पुढे येत राहतात. माझ्या मते गावच्या इतिहासाचं यापेक्षा चांगलं साधन नाही. ठरावात इच्छा असतात, आक्षेपात काय झालं ते असतं. मला आधी सुचलं असतं तर निम्मी धूळ वाचली असती. एका अहवालात स्केटिंग रिंकचं उत्पन्न वर्षागणिक दिलेलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं बऱ्यापैकी, मग उतरत गेलेलं, आणि १९९२-९३ समोर 'निरंक'. त्याखालचा आक्षेप आणखी मजेशीर. करमणुकीसाठीच्या नझूल जागेवर सिमेंट व्यापाऱ्याचा माल ठेवून घेतला जातो, भाडं ठरवलेलं नाही, वसूलही नाही, याचा खुलासा करावा. आखीव पत्रिकेतली ती ओळ लेखापरीक्षकानेही वाचली होती. सिमेंट गेल्यावर निवडणुकीचं सामान, मग ब्लीचिंग पावडर. खुलासा कुणी केला की नाही ते कागद अजून मिळालेले नाहीत. त्यासाठीचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे आहे. पहिल्या अपिलाच्या निकालापासून नव्वद दिवसांच्या आत ते करावं लागतं. तारीख कधी लागेल ते सांगता येत नाही, तिथं रांग मोठी आहे.

एकूण खर्च फार नाही. स्टॅम्प, नकला, झेरॉक्स (ती माझ्याच दुकानातली, पण हिशेबात धरली), बसभाडं आणि पेट्रोल धरून दोन हजारांच्या आत झालं. वेळ मात्र दुकान सांभाळणाऱ्या बायकोचा गेला. तिचं म्हणणं, एवढ्यात पोरगी स्केटिंग शिकली असती.

शेवटची सापडलेली नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीतली. तिच्यात खुर्च्या, कपाटं, पंखे यांच्याबरोबर 'स्केट्स, लोखंडी, जोड ४०' असं १९८३ मध्ये चढवलेलं आहे. दर तपासणीला आकडा कमी होत जातो आणि शेरा बदलतो: चालू, किरकोळ दुरुस्ती, नादुरुस्त. शेवटी जोड ११ वर येऊन थांबतो, आणि तिथून पुढे प्रत्येक तपासणीत अकराच. म्हणजे कागदोपत्री नगर परिषदेकडे आजही अकरा जोड स्केट्स आहेत. त्या मुलीने आणि मी शोधले. ब्लीचिंगच्या पोत्यांमागे एका पत्र्याच्या पेटीत नऊ सापडले, चाकं गंजून बसलेली, दोघांचे चामडी पट्टे उंदरांनी खाल्लेले. एक जोड सार्वजनिक वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायला द्यावा असा मी रीतसर अर्ज केला. आठवडाभरात उत्तर आलं. वस्तू नोंदीवर असल्याने आधी निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी, करावं लागेल, निर्लेखनाच्या प्रस्तावात अकराही जोड दाखवावे लागतील, आणि नऊच सापडल्यामुळे उरलेल्या दोन जोडांचा खुलासा आधी लागेल. काकाजींना विचारून पाहिलं. त्यातला एक त्यांच्या घरी माळ्यावर आहे म्हणतात. तो परत करायचा तर कोणत्या नमुन्यात, याची चौकशी चालू आहे.